पागेचा चौक आणि माणसांची यादी

थोरामोठ्यांच्या घराण्यांचा इतिहास दिवाणखान्यात बसून लिहिला जातो. मला तो पागेच्या बाजूने वाचावासा वाटतो. कारण ज्या दाराने लीद बाहेर जाते, त्याच दाराने घराण्याचे खरे उत्पन्नही कधीकधी दिसते.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात, लीड्स शहराजवळ हेअरवुड हाऊस हा प्रासाद आहे. एडविन लॅसेल्स याने तो बांधविला. वास्तुशिल्पी जॉन कार, आतील सजावट रॉबर्ट ॲडमची. प्रासादाची पायाभरणी १७५९ साली झाली आणि १७७१ मध्ये मालक तेथे राहावयास आला. परंतु पागेचे काम १७५५ च्या सुमारासच सुरू झाले होते. मालकाचा नवा वाडा उभा राहण्याआधी घोड्यांची सोय झाली!

त्या काळच्या अशा पागांची रचना बहुधा सारखीच असे. मध्ये फरसबंद चौक, भोवती घोड्यांचे ठाण, गाडीखाना, खोगिरांची खोली. आणि वर, गवताच्या शेजारी, मोतद्दारांची निजण्याची जागा. पहाटे उठून लीद काढायची, खरारा करायचा, पाणी दाखवायचे. धन्याची गाडी रात्री केव्हाही आली तरी जागे असायचे. कमानीवर कोरीव काम असे. त्याखालून जाणाऱ्या पोऱ्याचे नाव मात्र कोठे कोरलेले नसे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण अर्धाच इतिहास वाचला. हा पैसा यॉर्कशायरच्या शेतातून आलेला नव्हता. एडविनचा बाप हेन्री लॅसेल्स याने बार्बाडोस बेटावर जकातीचा अधिकारी म्हणून, साखरेचा व्यापारी म्हणून, मळेवाल्यांचा सावकार म्हणून आणि गुलामांच्या व्यापारातून संपत्ती जमविली होती. वेस्ट इंडीजमधील मळ्यांच्या मालमत्तेच्या याद्यांत बैल, घोडे आणि आफ्रिकी माणसे एकामागोमाग लिहिलेली असत आणि प्रत्येकापुढे किंमत असे. हेअरवुडच्या घोड्याला दगडी छप्पर मिळाले, ते ज्यांच्या घामातून मिळाले ती माणसे हिशेबात घोड्याच्याच रांगेत उभी होती.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्याने २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मालकांना! गुलामांना छदामही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्यांतील बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. हेअरवुडच्या दुसऱ्या अर्लला १,२७७ माणसांबद्दल २६ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला.

आपल्या वाचकाला हे परके वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तो उगाच नव्हे. मात्र एक भेद विसरता कामा नये. हेअरवुडचा मोतद्दार लीद काढीत होता, पण लीद त्याच्या जातीला चिकटलेली नव्हती. तो नोकरी सोडू शकत होता. त्याचा मुलगा दुसरा धंदा धरू शकत होता. आमच्याकडे मेलेले ढोर ओढणे हे काम राहिले नाही, ती जन्माची ओळख झाली. गुलामाच्या डोक्यावर किंमत तरी लिहिलेली होती. अस्पृश्याची वेठ फुकट होती, म्हणून तिची यादीही झाली नाही.

२०२३ साली गुलाममालकांच्या काही वंशजांनी ‘हेअर्स ऑफ स्लेव्हरी’ ही संघटना काढली. हेअरवुडचे आजचे अर्ल डेव्हिड लॅसेल्स तिच्यात आहेत. पूर्वजांचे पाप कबूल केल्याने पाप फिटत नाही, हे खरे. पण निदान हिशेबाची वही उघडली गेली.

आमच्या गढ्या, आमचे चिरेबंदी वाडे पाहावयास शाळांच्या सहली जातात. शिक्षक मुलांना कमान दाखवतात, बुरूज दाखवतात. चौकात उभे राहून त्यांनी एकदा एवढेच विचारावे: हा दगड कोणी वाहिला, आणि त्याला पाणी कोणी, किती उंचावरून वाढले? त्या प्रश्नापासून आमचा इतिहास सुरू होतो.