एका क्रियापदाची बखर

मास्टर्स संपवून पहिल्या नोकरीला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. एच-वन कोरा करकरीत, आणि अपार्टमेंटमध्ये एक गादी, एक प्रेशर कुकर एवढाच संसार. एका गुरुवारी संध्याकाळी आमचा मॅनेजर कोट चढवत घाईघाईने माझ्या टेबलापाशी आला आणि ग्राहकांची बिलं काढणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल म्हणाला, "रन इट बाय मी फर्स्ट थिंग टुमॉरो." मी मान डोलावली. प्रोग्रॅमच्या संदर्भात 'रन' म्हणजे चालवणे, आणि 'बाय टुमॉरो' म्हणजे उद्याच्या आत, असा सरळ हिशोब करून मी रात्री दहापर्यंत बसलो आणि तो इमानेइतबारे चालवला. शेकडो ग्राहकांना जुन्या दराची बिलं गेली. त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं, "उद्या आल्याआल्या मला एकदा दाखव."

पुढचे दोन दिवस सगळ्या टीमने मिळून ते निस्तरलं. माझी नोकरी राहिली, पण त्या शनिवार-रविवारी मी भारतात परत जायच्या तिकिटाचे दर पाहून ठेवले होते, हे आईला आजतागायत सांगितलेलं नाही. (आई हा अंक वाचणार आहेच!) सोमवारी गावच्या लायब्ररीत गेलो आणि ऑक्सफर्डच्या त्या वीस खंडी शब्दकोशात 'रन' काढून पाहिला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, नोंद संपेना. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या आमच्या घराण्यात 'रन म्हणजे धावणे' एवढ्यावर काम भागलं होतं. तेव्हापासून मला या शब्दाचा आणि ज्यांनी तो मोजला त्या माणसांचा नाद लागला.

१८५७ म्हटलं की आपल्याला मीरत आणि झाशी आठवते. त्याच वर्षी लंडनमध्ये रिचर्ड ट्रेंच नावाच्या धर्मगुरूने तिथल्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे व्याख्यानं देऊन सांगितलं की, इंग्रजीचे सगळे शब्दकोश अपुरे आहेत. कोशकाराने शब्दांचा न्यायाधीश होऊ नये, इतिहासकार व्हावं. प्रत्येक शब्द कधी जन्मला, कसा वाढला, कधी मेला हे नोंदवावं. आणि योगायोग असा की, त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती छापून झाली. म्हणजे लंडनमध्ये कोश कसा असावा यावर भाषणं चालली होती, तेव्हा आपल्या मराठीचा जाडजूड कोश छापून तयार होता! अर्थात दोन्ही कामं वेगळ्या जातीची. पण मला आपलं बरं वाटतं.

इंग्रजी कोशाचं काम खऱ्या अर्थाने मार्गी लागलं १८७९ मध्ये, जेम्स मरी संपादक झाल्यावर. हा स्कॉटलंडमधल्या एका शिंप्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, पुढे स्वतः शिकून शाळामास्तर झालेला. करार दहा वर्षांचा होता. पाच वर्षं गेली तेव्हा पहिला भाग छापून निघाला आणि गाडी पोचली होती 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत. आमच्या धंद्यात एवढा अंदाज चुकलेला प्रोजेक्ट मॅनेजर दुसऱ्या दिवशी पेटी भरून घरी जातो. मरी टिकला. १९१५ मध्ये तो वारला तेव्हाही कोश अपुरा होता. पूर्ण झाला १९२८ मध्ये: १५,४९० पानं आणि चार लाख चौदा हजारांवर शब्द.

मरीने घराच्या आवारात पत्र्याची एक खोली बांधून घेतली होती आणि तिच्यात हजाराहून जास्त खणांचं कपाट. जगभरच्या इंग्रजी वाचकांना आवाहन केलं होतं की, पुस्तकं वाचा, शब्द सापडला की ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून साल घालून पाठवा. चिठ्ठ्यांची पोतीच्या पोती आली. मरीला अकरा मुलं. ती सगळी खाऊच्या पैशांसाठी या चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावत बसत. (आमच्याकडे एक मूल ग्रोसरीच्या पिशव्या आत आणत नाही.) चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला एक अमेरिकन डॉक्टरही होता, पण त्याच्यावर पुस्तक झालं, सिनेमा झाला, तेव्हा ते इथे सांगत नाही.

मला यातली खरी गंमत वाटते ती वेगळी. वाचक पाठवायचे ते विचित्र, दुर्मीळ शब्द. साधे शब्द कोण कशाला उतरवून घेईल? मरीने तक्रार केली होती की 'अब्यूजन' या अडगळीतल्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचही नाहीत. रोज वापरायचा शब्द डोळ्यांना दिसतच नाही. खरं काम असतं ते तिथेच. एका क्रियापदाच्या शेकडो चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि ठरवायचं, ही याच अर्थाची की वेगळ्या? ढीग एक करायचा की दोन?

पहिल्या आवृत्तीत आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही सर्वांत लांब नोंद होती 'सेट'ची, अर्थ चारशे तीसच्या वर. मधल्या काळात १२० टायपिस्टांनी बसून हा सगळा कोश कॉम्प्युटरमध्ये भरला होता. आमच्या व्यवसायातलं माझ्या मते हे सर्वांत प्रामाणिक डेटा एंट्रीचं काम. मग इंटरनेटवरची तिसरी आवृत्ती 'एम' या अक्षरापासून सुरू झाली आणि विक्रम भराभर मोडू लागले. २००० मध्ये 'मेक' पुढे गेला, २००७ मध्ये 'पुट', आणि २०११ मध्ये 'रन' : क्रियापदाचेच ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. मला चार महिन्यांच्या अनुभवावर त्यातला एक चुकला, तर फार लाज वाटायला नको.

पण 'रन'च का? मुळाशी एक भानगड आहे. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती: एक आपण स्वतः धावण्याचं किंवा पाण्याने वाहण्याचं, दुसरं घोड्याला धावायला लावण्याचं. जर्मन भाषेत अजूनही 'रिनेन' म्हणजे वाहणे आणि 'रेनेन' म्हणजे धावणे अशी जोडी शिल्लक आहे. इंग्लंडमध्ये मात्र समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीची भर पडून सगळ्याची खिचडी झाली आणि एकच शब्द उरला. आपण पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे असा 'व' घालून वेगळं ठेवतो. इंग्रजीने तो 'व' कधी घातलाच नाही. म्हणून घोडाही 'रन' करतो आणि घोड्याचा मालकही. पुढे यंत्रयुग आलं. गिरणी, आगगाडी, घड्याळ, मोटार, सगळ्यांना हा शब्द आयता मिळाला, आणि शेवटी आम्ही मंडळींनी त्याला कॉम्प्युटरला जुंपलं.

मराठीत मात्र यातलं फारसं काही धावत नाही. दुकान चालतं, नाक वाहतं, लुगड्याचा रंग जातो, दूध संपतं, रस्त्यात कोणी अचानक भेटतं, बँकेवर झुंबड उडते, आणि मधुमेह घराण्यात चालत आलेला असतो. इंग्रजीत हे सगळं 'रन'. जुलाबसुद्धा! धाव आपण जशीच्या तशी घेतली ती क्रिकेटमध्ये. माझे वडील आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं 'धावतं वर्णन' ऐकायचे, आणि 'रन आउट'ला आपल्या लोकांनी कुस्तीच्या आखाड्यातून शब्द आणून 'धावचीत' केलं. इतका झकास शब्द इंग्रजांनाही सुचला नाही. ते तर अठराव्या शतकात धावा काठीवर खाचा पाडून मोजत आणि त्यांना खाचाच म्हणत.

निवडणुकीची गंमत सांगायलाच हवी. ब्रिटनमध्ये उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, अमेरिकेत तो धावतो. आपला मराठी उमेदवार उभाच राहतो. त्यामुळे इथल्या प्रचारात कोणीतरी 'रनिंग' आहे म्हटलं की आमच्या आईला वाटायचं, तो मतदारांपासून पळतोय.

आईवरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात ती इथे होती. नायगाऱ्याच्या वाटेवर मागच्या सीटवरून ती नातीला म्हणाली, "बाळ, मला गाडी लागतेय गं." नऊ वर्षांची माझी मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, आपण गाडीतच आहोत ना!" तिला 'लागणे' माहीत होतं ते 'पेन्सिल लागते, पैसे लागतात' यातलं. मी हसत बसलो, आणि पुढचा एक्झिट येईपर्यंत व्हायचं ते झालं.

घरी आल्यावर मी मोल्सवर्थ उघडला. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवला आहे, त्यामुळे न्यू जर्सीत रात्री अकरा वाजताही सापडतो. 'लागणें'ची नोंद चांगली लांबलचक निघाली. मोल्सवर्थ लष्करातला माणूस, हाताशी शास्त्रीमंडळी, आणि तरी मला खात्री आहे की या शब्दापाशी त्यांनीही डोकं धरलं असणार. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो. आंबा गोड लागतो आणि झाडालाही लागतो. वाटेत ठाणं लागतं. जोशीकाका आमचे दूरचे मामा लागतात. मूल रडायला लागतं आणि आईला उठावं लागतं.

आईने आणि मुलीने मिळून चिठ्ठ्या करायला घेतल्या. पिवळ्या चिकट कागदांवर, एका कागदावर एक वाक्य, खाली तारीख आणि कोण बोललं त्याचं नाव. मरीची पद्धत मीच शिकवली. फ्रिजचं दार भरलं, आता डिशवॉशरवर चिकटवतो. आई परत गेली, पण दर रविवारी फोनवर एखादी भर पडतेच. गेल्या रविवारी ती म्हणाली, "तुम्ही गेलात की घर खायला उठतं. फार लागून राहतं जिवाला." मुलीने लिहून घेतलं आणि मला विचारलं, "हे 'ठेच लागली'च्या ढिगात लावू, की वेगळं?"