दुसऱ्या मजल्याचं वळण

सकाळी ६.३०. साडेसहा तासांहून थोडा जास्त वेळ उरला आहे.

नेरूळचं आमचं सिडकोचं घर पुनर्विकासात गेलं. किल्ल्या त्याच संध्याकाळी द्यायच्या होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाकीचं सामान आदल्या दिवशीच टेम्पोनं गेलं होतं. राहिली होती आजोबांची तिजोरी, कमरेएवढी, पितळी मुठीची. आजोबांची मस्जिद बंदरला कांदा-बटाट्याची पेढी होती. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. पेढीचं छप्पर उडालं. वह्या वाचल्या, कारण त्या तिजोरीच्या पोटात होत्या. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार वाशीला हलला, तेव्हा तीही खाडी ओलांडून आली. तिला भंगारात देण्याचा विषय घरात कुणी काढलाच नाही.

८.००. पाच तास.

घणसोलीहून मुकादम आले. मूळचे साताऱ्याकडचे, सगळी हयात बाजार समितीत माथाडीचं काम केलेले. त्यांनी तिजोरीचं दार थोडं उघडलं, तळहातानं तोललं आणि पुन्हा लावलं.

“चारशे किलोला कमी न्हाय. आन् हिचा सगळा जीव दारात हाय. दाराला आधी कुलूप घाला. वरनं चेन-कप्पी लावायची, खाली कुणी उभं ऱ्हायाचं न्हाय. उद्या टोळी आणतो, सहा जण.”

दादा म्हणाला, “मुकादम, उद्या नाही चालणार.”

ते गप्प बसले. जाताना पिशवीतून बाभळीचे दोन गुटके काढून उंबऱ्याशी ठेवले. मी त्या वेळी बिल्डरच्या ऑफिसला फोन करून एक दिवस मागून घ्यायला हवा होता. तो त्यांनी दिलाही असता. मी फोन केला नाही.

९.४५. नाक्यावरून चौघांना आणलं. सगळ्यात धाकटा विशीतला असेल, पायात रबरी चप्पल.

१०.३०. लोखंडी पाइपांवरून तिजोरी दारापर्यंत सरकवली. दोन लाद्या तडकल्या. कुलपाची आठवण तेव्हा झाली. किल्ली आदल्या दिवशीच्या टेम्पोत, कुठल्या तरी खोक्यात गेलेली. दादानं दाराभोवती सुतळीचे चार वेढे दिले आणि गाठ मारली. मी पाहिलं ते वेढे. पुरतील असं मलाही वाटलं.

१२.०५. एक तास सात मिनिटं.

पायऱ्यांवर गोधड्या टाकल्या. दोरखंड मागच्या दोघांच्या हातात, पुढं खाली दोघं. जड वस्तू जिन्यातून उतरताना वरची माणसं नुसती दिशा धरतात, वजन येतं ते खालच्यांच्या अंगावर. धाकटा खालीच होता. प्रत्येक पायरीला धप्प असा आवाज व्हायचा आणि कठडा थरथरायचा. शेजारच्या काकूंनी दार उघडून पाणी दिलं. चौघं भिंतीला टेकून प्यायले.

१.००. दुसऱ्या मजल्याचं वळण.

आडवी तिजोरी तिथं वळेना, म्हणून ती उभी केली. उभी केल्यावर दार जिन्याच्या बाजूला आलं. दोरखंड सैल सोडावा लागला. धाकटा दोन पायऱ्या खाली उतरला आणि दोन्ही तळवे दारावर टेकून उभा राहिला.

१.१२.

सुतळी तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. दार सावकाश उघडलं. ज्या वजनावर तिजोरी उभी होती, तेच पुढं गेलं आणि मागोमाग ती गेली. पोरगा बाजूला झाला, पण डावा पाय मागे राहिला. तो ओरडला नाही. “दादा, पाय,” एवढंच म्हणाला, आणि ते मला म्हणाला की माझ्या भावाला, कळलं नाही.

मी वर धावलो. उंबऱ्याशी गुटके होते. तिघांनी पहार घालून तिजोरी दोन बोटं उचलली, मी गुटके सरकवले, त्यांच्यावर ती तोलली गेली. पाय निघाला. चप्पल आतच राहिली.

२.४०. रुग्णालय.

डाव्या पायाची तीन बोटं जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं. पोलीस नोंद करायला आले. १९६९ च्या माथाडी कायद्यानं नोंदलेली टोळी असती, तर त्याचं नाव मंडळाच्या कागदावर असतं, भरपाईसाठी जायला एक दार असतं. नाक्यावरच्या पोराचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. हवालदारानं रकाना भरायला पेन टेकवलं आणि विचारलं, “मालक कोण?”

दादा खाली बघत होता. मी म्हणालो, “मी.”