एका नटवर दोन पूल

१६ फेब्रुवारी १९७९. ८८२ दिवस आधी.
कॅन्सस सिटी, मिसुरी. बांधकाम चालू असलेल्या हयात रीजन्सी हॉटेलची ४२ शॉप ड्रॉइंग्ज संरचना अभियंत्यांच्या कार्यालयात पोहोचतात. लॉबीत छताला रॉडने टांगलेले पादचारी पूल आहेत. मूळ आराखड्यात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पूल एकाच अखंड रॉडवर आहेत. प्रत्येक बीमखाली नट, आणि त्यावर फक्त त्याच पुलाचा भार.

नव्या ड्रॉइंगमध्ये रॉड दोन आहेत. त्यामुळे लांबलचक रॉडवर आटे पाडायचा खटाटोप वाचतो. मात्र दुसऱ्या मजल्याचा पूल आता चौथ्याच्या बीमला लटकतो, आणि वरच्या नटवरचा भार दुप्पट होतो.

२६ फेब्रुवारी १९७९. ८७२ दिवस आधी.
ड्रॉइंग्ज तपासणीचा शिक्का घेऊन परत जातात. या जोडणीचे गणित कोणीच मांडलेले नाही. पोलादी भाग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने ते अभियंत्याचे काम मानले, अभियंत्याने फॅब्रिकेटरचे.

बीम म्हणजे तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली दोन चॅनल. रॉडचे भोक नेमके वेल्डमधून जाते. नटचा भार पसरवायला जाड प्लेट नाही. शहराच्या नियमाला हवी त्याच्या सुमारे ६० टक्केच ताकद मूळ जोडणीत होती. बदललेल्या जोडणीत ती सुमारे ३० टक्के उरते.

१४ ऑक्टोबर १९७९. ६४२ दिवस आधी.
लॉबीच्या छताचा २,७०० चौरस फुटांहून मोठा भाग कोसळतो. तिथेही एक जोडणीच निकामी झालेली असते. तपासणी होते, पोलादी काम पुन्हा पाहण्याचे आश्वासन मिळते. पुलांच्या जोडण्या आहेत तशाच राहतात.

जुलै १९८०. सुमारे वर्षभर आधी.
हॉटेल खुले होते.

१७ जुलै १९८१, शुक्रवार, संध्याकाळ.
लॉबीत नृत्याचा कार्यक्रम. सुमारे १,६०० लोक जमले आहेत. बरेचसे खाली आहेत, काही पुलांवरून नाच पाहत आहेत. दोन्ही पुलांवर मिळून सुमारे ६३ माणसे. ज्या गर्दीसाठी पूल बांधले, तिच्या मानाने ही फारच कमी.

७:०५.
चौथ्या मजल्याच्या बीमचे वेल्ड फाकते. चॅनलच्या कडा वाकतात. नट आणि वॉशर भोकातून आरपार निसटतात. एक जोडणी सुटताच तिचा भार शेजारच्या जोडण्यांवर येतो, आणि त्याही सुटतात. चौथ्याचा पूल दुसऱ्याच्या पुलावर आणि दोन्ही मिळून गर्दीवर कोसळतात. तिसऱ्या मजल्याचा पूल बाजूला, स्वतःच्या रॉडवर टांगलेला आहे. तो जागेवर राहतो.

रात्र.
फुटलेल्या नळांचे पाणी लॉबीत साचते. ढिगारा उचलायला क्रेन आणल्या जातात. शेवटचा जिवंत माणूस सुमारे साडेनऊ तासांनी बाहेर काढला जातो.

मृत ११४. जखमी २०० हून अधिक.

त्यानंतर.
मिसुरीत दोन अभियंत्यांचे परवाने रद्द होतात. बचाव असा होता की जोडणीची रचना फॅब्रिकेटरने करायची असते. तो फेटाळला गेला. ड्रॉइंगवर ज्याचा शिक्का, प्रत्येक जोडणीची जबाबदारी त्याची. ती दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.