विज्ञानाच्या वाटेने इंग्रजी वाचन : ‘दर्पण’ ते इलेक्ट्रॉनिक सिटी

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात १९७८ साली ३३२ एकरांवर एक औद्योगिक वसाहत आकार घेऊ लागली. कर्नाटक राज्याच्या ‘किऑनिक्स’ या महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून साकारलेली ही वसाहत म्हणजे आजची इलेक्ट्रॉनिक सिटी. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूस गेली आणि १९९४ मध्ये तिने इलेक्ट्रॉनिक सिटीत बस्तान बसवले. त्या काळापासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींचा ओघ या वसाहतीकडे सतत वाहत राहिला आहे.

तेथे पोहोचलेल्या मराठी विद्यार्थ्याविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. त्याचे विषयज्ञान पक्के असते, परंतु इंग्रजी बोलताना तो अडखळतो, असे म्हटले जाते. या समजात तथ्य असले तरी त्यात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. अभियंत्याच्या कामाचा मोठा भाग बोलण्याचा नसून वाचण्याचा असतो. यंत्राची माहितीपुस्तिका, सुट्या भागाचा तपशील, प्रणालीचा आराखडा, चाचणीचा अहवाल हे सारे त्याला इंग्रजीतून वाचावे लागते आणि वाचलेल्याचा अचूक अर्थ लावावा लागतो. पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलांना हे वाचन साधले कसे, या प्रश्नाचा मागोवा घेतल्यास मराठी शाळांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा हाती लागतो. हा धागा विज्ञान आणि निसर्ग या विषयांमधून गेलेला आहे.

दोन स्तंभांचे वाचन

या धाग्याचे एक टोक १८३२ सालात सापडते. त्या वर्षी ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठीतील या पहिल्या वृत्तपत्राच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्या स्तंभात इंग्रजी मजकूर छापलेला असे. लोकांमध्ये इंग्रजीच्या अभ्यासाची आणि पाश्चात्त्य विद्यांची आवड उत्पन्न व्हावी, हा त्यामागील एक हेतू होता. मराठी स्तंभातून आशय समजलेला वाचक शेजारच्या स्तंभाकडे वळला, की इंग्रजी वाक्याची घडण त्याच्यासमोर आपोआप उलगडत जाई. आज ज्याला द्विभाषिक वाचनसाहित्य म्हटले जाते, त्याचाच हा आरंभीचा नमुना होय.

‘दर्पण’ १८४० मध्ये थांबले आणि त्याच वर्षी जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक हाती घेतले. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, इतिहास आणि निसर्ग यांवरील लेख, सोबत नकाशे व आकृत्या, असे त्याचे स्वरूप होते. याच्या थोडे आधी, १८३० च्या दशकात, हरी केशवजी यांनी पदार्थविज्ञानावरील संवादरूप इंग्रजी ग्रंथ मराठीत आणला होता. जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके मराठीत येत होती. पुढे १८४७ साली मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिकणे आणि नवे शास्त्र समजून घेणे ही त्या पिढीच्या दृष्टीने दोन निराळी कामे नव्हती. त्यांतील एक दुसऱ्यासाठी होते.

पाठमाला आणि पक्ष्यांचे पुस्तक

विद्यापीठ आणि मॅट्रिकची परीक्षा आल्यावर मात्र इंग्रजी हा स्वतंत्र ‘पेपर’ झाला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या घडल्या. नियम, शब्द, मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, या शिस्तीने व्याकरण पक्के झाले, यात शंका नाही. परंतु पाठमालेतील वाक्य सुटे असते. त्याच्या आधी काय घडले व पुढे काय होणार, हे विचारण्याची सोय त्यात नसते. सलग उतारा वाचून त्यातील कार्यकारणभाव शोधण्याची सवय त्यामुळे अनेकांना लागली नाही.

ती सवय लावणारे साहित्य शाळेच्या बाहेर तयार होत होते. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. पुण्यातून १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले आणि मराठी वाचकाला निसर्गाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची भाषा मिळाली. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ साली निघाले. इंग्रजी वाचन शिकू पाहणाऱ्यास या पुस्तकाची मांडणी फार उपकारक आहे. एका बाजूस पक्ष्याचे रंगीत चित्र आणि दुसऱ्या बाजूस आकार, ओळखीच्या खुणा, आढळ, सवयी, वीण अशा ठरावीक क्रमाने थोडक्यात वर्णन. आकार सांगताना चिमणी, बुलबुल, मैना अशा परिचित पक्ष्यांशी तुलना केलेली असते. बुलबुल पाहिलेला मुलगा ते वर्णन वाचतो, तेव्हा अनोळखी शब्दाचा अर्थ त्याला चित्रावरून आणि अनुभवावरून ताडता येतो. दोन पाने वाचून झाली की क्रम परिचयाचा होतो आणि तिसऱ्या पानावर कोशाची गरज कमी पडते.

अडसर कोणत्या भाषेचा?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवली जाई. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली. हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या शाळांच्या पहिल्या तुकड्या याच काळातल्या. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद आणि १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाली. विज्ञान मराठीतून शिकणाऱ्या या मुलांना महाविद्यालयात प्रवेश घेताच सारे विज्ञान इंग्रजीतून वाचावे लागे. पहिल्या सहा महिन्यांतील ती दमछाक अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल.

या दमछाकीचे कारण केवळ इंग्रजी आहे, असे सर्वांनी धरून ठेवले होते. त्याला छेद देणारे काम होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली मुंबईत सुरू झाले. भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी त्याचे सूत्रधार होते. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम करताना केंद्रातील मंडळींना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. मुलांना विज्ञान अवघड जात होते, त्यामागे पाठ्यपुस्तकाची भाषा हे एक मोठे कारण होते. आणि ही भाषा मराठीच होती. लांब, गुंतागुंतीची, संस्कृतप्रचुर वाक्ये मुलांच्या आकलनाच्या आड येत होती. तोच आशय सोप्या, सुबोध मराठीत लिहून दिला, तेव्हा मुलांची प्रगती सुधारली.

या निष्कर्षाचा अर्थ खोल आहे. आकलन हे एकाच भाषेचे कौशल्य नव्हे. ज्या मुलाला मराठी परिच्छेदातील मुख्य मुद्दा, कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत, त्याला ते इंग्रजीतही जमत नाही. उलट, मराठीत ही दृष्टी आलेल्या मुलापुढे इंग्रजीत फक्त शब्दांचा आणि वाक्यरचनेचा डोंगर उरतो. तो चढण्याजोगा असतो.

बेंगळुरूचा प्रयोग

इलेक्ट्रॉनिक सिटीची पायाभरणी होत असतानाच, १९७९ मध्ये, त्याच बेंगळुरूत इंग्रजी अध्यापनाच्या एका प्रयोगास आरंभ झाला. एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने आणि तेथील प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने चाललेला हा उपक्रम ‘बेंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. बेंगळुरू, मद्रास, कडलूर येथील साध्या शाळांतील वर्गांत तो १९८४ पर्यंत चालला. व्याकरणाचे नियम क्रमाने शिकवण्याऐवजी मुलांपुढे विचार करायला लावणारे काम ठेवावे, अशी त्याची मूळ कल्पना होती. रेल्वेचे वेळापत्रक वाचून गाडी निवडणे, नकाशावरून वाट शोधणे, अंतर आणि वेळ यांचा मेळ घालणे अशी ही कामे असत. शिक्षक आधी एक काम साऱ्या वर्गासोबत मोठ्याने विचार करीत सोडवत आणि मग तशाच स्वरूपाचे दुसरे काम मुले स्वतः सोडवत. मन अर्थात गुंतले की भाषा नकळत अंगवळणी पडते, हे प्रभूंचे प्रतिपादन होते. १९८४ मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी चाचण्या घेतल्या. निष्कर्ष एकंदरीत अनुकूल निघाले. परंतु तुलनेसाठी घेतलेले वर्ग काटेकोरपणे समान नसल्याने ते सावधपणेच मांडले गेले. प्रभूंचे यावरील पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले.

प्रकल्पातील कामे विज्ञानाची नव्हती. तथापि त्यातील तत्त्व विज्ञानाच्या उताऱ्यास तंतोतंत लागू पडते, कारण विज्ञानाचा उतारा वाचकापुढे कोडेच ठेवत असतो.

माठाचा उतारा

एक साधे उदाहरण घेता येईल. माठातील पाणी गार का होते, यावर दहा ओळींचा इंग्रजी उतारा आठवीच्या वर्गात दिला आहे. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता घेतली जाते आणि आतले पाणी गार होते, एवढाच आशय. ‘पाणी गार का होते?’ असा प्रश्न इंग्रजीत विचारला, तर उताऱ्याचा एक शब्दही न समजलेला विद्यार्थी प्रश्नातील शब्द ज्या ओळीत दिसतील ती ओळ उतरवून पूर्ण गुण मिळवू शकतो. परीक्षेतील उताऱ्यांनी ही कला चांगलीच शिकवली आहे.

परंतु ‘माठाला बाहेरून तैलरंग दिला तर काय होईल?’ किंवा ‘उन्हाळ्यात जळगावला माठ अधिक गार होईल की पावसाळ्यात मुंबईला?’ असे विचारले, तर उत्तर उताऱ्यातील कोणत्याच ओळीत नसते. रंगाने छिद्रे बुजतात आणि दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, हे उतारा समजल्याशिवाय सांगता येत नाही. विद्यार्थी उत्तर आधी मराठीत सांगून मग इंग्रजीत लिहिण्याची धडपड करतो, तेव्हा वाचन खऱ्या अर्थाने घडते.

अशा उताऱ्यांत ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘अनलेस’, ‘व्हेअरॅज’ हे जोडशब्द पुन्हा पुन्हा येतात. वाक्याची दिशा तेच ठरवतात. ‘अनलेस’ म्हणजे ‘तसे नसेल तर’ हे ध्यानात आले नाही, तर संपूर्ण वाक्याचा अर्थ उलटा होतो. पारिभाषिक शब्दांची भीती मात्र वाटते तितकी खरी नसते. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द जाणणाऱ्यास ‘फोटोसिंथेसिस’चे दोन्ही तुकडे क्रमाने जुळवता येतात. ‘उभयचर’ समजलेल्यास ‘अँफिबियन’मध्ये दडलेली दोन ठिकाणच्या जगण्याची कल्पना लगेच पटते. मराठी संज्ञा येथे इंग्रजीची किल्ली ठरते. ‘बालभारती’च्या विज्ञानाच्या पुस्तकांत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा छापलेली असते, तिचा उपयोग याच कारणाने मोठा आहे.

अर्थात केवळ विज्ञानाच्या इंग्रजीवर विसंबणेही अपुरे होय. त्या भाषेत कारणे असतात, पण उपरोध, मार्दव, विनोद क्वचितच असतात. त्यासाठी कथा-कवितेला पर्याय नाही.

पालकांपुढील प्रश्न

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. सेमी-इंग्रजीची पद्धत, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून, मराठी शाळांत झपाट्याने पसरली. अनेक शाळांची पटसंख्या तिने सावरली. तिच्यातील धोकाही अनुभवी शिक्षकांनी ओळखला आहे. इंग्रजी पुस्तकातील ओळ वाचायची, तिचा मराठीत अर्थ सांगायचा आणि परीक्षेसाठी इंग्रजी उत्तर पाठ करून घ्यायचे, अशी रीत पडली, तर मुलाच्या हाती विज्ञानही लागत नाही आणि इंग्रजीही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान व गणितासाठी द्विभाषिक पुस्तकांची शिफारस आहे. जांभेकरांच्या दोन स्तंभांकडे ही वाटचाल परत वळते, असे म्हणता येईल.

ज्या पालकांनी मुलांना मराठी शाळेत घातले, त्यांच्या मनात ‘आपण मुलाचे नुकसान तर करीत नाही ना?’ ही शंका वारंवार डोकावते. इतिहास त्यांना खोटा दिलासा देत नाही. मराठी माध्यम आपोआप इंग्रजी देत नाही. इंग्रजी माध्यमही आपोआप आकलन देत नाही. घरी आठवड्यातून एकदा पक्षी, पाऊस, बियाणे, ग्रहण अशा ओळखीच्या विषयावरील एक इंग्रजी पान मुलासोबत वाचावे, त्याचा आशय मराठीत बोलावा आणि पानात नसलेला एक प्रश्न विचारावा, एवढे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे. त्यासाठी पालकाला अस्खलित इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत धावू लागली. त्या गाडीतून रोज कामावर जाणाऱ्यांत मराठी शाळांतून शिकलेली माणसेही असतात. इंग्रजीतील तांत्रिक मजकूर त्यांना आता बिचकवत नाही. मराठीतून समजलेले पहिले ‘का?’ आणि त्याचे मराठीतून दिलेले पहिले उत्तर त्या वाचनाच्या तळाशी आहे. साठ वर्षे मराठी शाळांनी जे पेरले, त्याचे मोल येथे दिसते, आणि पुढील पिढीसाठी तेच जपून ठेवायचे आहे.