माणसाएवढी बाहुली स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी का? ‘स्टँडिंग फीट’ निवडण्याआधी हे समजून घ्या

सिलिकॉनची किंवा टीपीईची माणसाएवढी बाहुली ऑर्डर करताना पर्यायांची एक लांबलचक यादी समोर येते. डोळ्यांचा रंग, केस, उंची, त्वचेची छटा… आणि त्यातच कुठेतरी एक चौकट असते, ‘स्टँडिंग फीट : हो / नाही’. फोटोग्राफीसाठी, कपड्यांच्या ट्रायलसाठी, कलाप्रकल्पासाठी किंवा एकटेपणात सोबत म्हणून अशी बाहुली घेणारे बरेच जण इथे फारसा विचार न करता ‘हो’ म्हणतात. उभी राहिली तर चांगलंच आहे की, असा साधा हिशेब असतो.

पण हा पर्याय केसांच्या विगसारखा नंतर बदलता येत नाही. पायाच्या आतली रचनाच त्यानुसार बनते. म्हणून आधी हे समजून घेतलेलं बरं की ‘स्टँडिंग’ या शब्दाचा इथे नेमका अर्थ काय.

आत असतं तरी काय?

अशा बाहुलीच्या आत धातूचा सांगाडा असतो. मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे अशा ठिकाणी वळणारे सांधे असतात. हा सांगाडा साच्यात ठेवून त्याभोवती टीपीई किंवा सिलिकॉन ओततात. टीपीई म्हणजे रबरासारखा मऊ, ताणला जाणारा प्लास्टिकचा प्रकार. तो स्वस्त पडतो, पण उष्णतेने आणखी मऊ होतो. सिलिकॉन महाग, पण जास्त टिकाऊ.

साधारण १६० सेंटीमीटर उंचीची बाहुली ३० किलोच्या आसपास भरते. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलाएवढं वजन, पण स्वतःहून जराही साथ न देणारं. उचलायला गेलेल्या माणसाची कंबर हे लगेच सांगते.

‘स्टँडिंग फीट’ म्हणजे काय?

साध्या पायात सांगाडा घोट्यापाशी किंवा त्याच्या थोडा खाली संपतो. पुढचं पाऊल बहुतांशी मऊच असतं. अशी बाहुली उभी केली की सगळा भार त्या मऊ तळव्यावर येतो. आतलं धातूचं टोक वरून दाबतं, फरशी खालून दाबते आणि मधला थर हळूहळू चेपत जाऊन फाटतो.

स्टँडिंग फीटमध्ये सांगाडा तळव्यापर्यंत खाली नेतात आणि प्रत्येक तळव्यातून सहसा तीन बोल्ट किंचित बाहेर काढतात. दोन चवड्याखाली, एक टाचेखाली. त्यामुळे वजन सांगाड्यातून बोल्टमध्ये आणि बोल्टमधून थेट जमिनीवर जातं. मऊ भागावर ताण येत नाही.

काही उत्पादक बोल्टऐवजी पायाच्या आत कडक गाभा घालतात. त्यामुळे तळवा स्वच्छ दिसतो. अनवाणी पायांचे फोटो काढायचे असतील तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

थोडक्यात, हा पर्याय तळवा वाचवण्यासाठी आहे. बाहुलीचा तोल सांभाळणं हे त्याचं काम नाही.

बोल्ट असले की ती पडत नाही का?

पडते. आणि किती सहज पडते, हे साध्या गणितातून कळतं.

कोणतीही वस्तू उभी राहते, कारण तिचा गुरुत्वमध्य तिच्या पायाने व्यापलेल्या जागेच्या वर असतो. माणूस उभा असतो तेव्हा तोही स्थिर नसतोच. तो सतत किंचित डोलत असतो. आतल्या कानातून आणि तळव्यांतून मेंदूला खबर मिळते आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षणाक्षणाला तोल सावरतात. बाहुलीकडे यातलं काहीच नाही.

आता समजा, बाहुलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर आहे आणि पुढचे व मागचे बोल्ट एकमेकांपासून १२ सेंटीमीटरवर आहेत. पाऊल २२ सेंटीमीटरचं असलं तरी भार बोल्टवर असल्याने खरा आधार तेवढ्या १२ सेंटीमीटरचाच. गुरुत्वमध्य बरोबर मधोमध आहे असं धरलं तरी पुढे किंवा मागे फक्त ६ सेंटीमीटरची सवलत मिळते. म्हणजे जेमतेम ४ अंश झुकली की ती कोसळणार.

हेच जोराच्या भाषेत पाहू. ३० किलोच्या अशा बाहुलीला खांद्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १३० सेंटीमीटरवर, ढकललं तर दीड लिटर पाण्याची बाटली उचलायला लागतो साधारण तेवढाच जोर पुरतो. मांजराची उडी, लहान मुलाने ओढलेला कपड्याचा काठ किंवा जोरात उघडलेलं दार एवढं त्याला पुरेसं आहे. खाली येतं ते मात्र ३० किलो वजन, आत लोखंडी सांगाडा असलेलं. मध्ये रांगणारं मूल किंवा घरातलं वयस्कर माणूस आलं तर हा प्रश्न बाहुलीच्या नुकसानीपुरता राहत नाही.

मग दुकानातला पुतळा कसा उभा राहतो?

साडीच्या दुकानातला पुतळा आतून पोकळ असतो आणि फायबरग्लास किंवा प्लास्टिकचा असल्याने बराच हलका असतो. शिवाय तो स्वतःच्या पायावर उभा नसतोच. पोटरीत किंवा तळव्यात एक दांडी खोचलेली असते आणि ती खालच्या रुंद तबकडीला जोडलेली असते. ही तबकडी ३६ सेंटीमीटर व्यासाची धरली आणि गुरुत्वमध्य तेवढ्याच उंचीवर मानला, तर तोल जायला सुमारे ११ अंश झुकावं लागतं. बोल्टच्या जवळजवळ तिप्पट.

बसवलं की धोका संपला, असंही नाही. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लेस्टर गाबा या कलाकाराने ‘सिंथिया’ नावाचा प्लास्टरचा पुतळा बनवला. तो तिला घेऊन शहरभर फिरायचा आणि ती खूप गाजली. शेवटी एका ब्युटी सलूनमधल्या खुर्चीवरून घसरून तिचे तुकडे झाले.

कोणी घ्यावं, कोणी टाळावं?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

*ती खरंच किती वेळ उभी असणार?* फोटो काढायचे, कपडे घालून पाहायचे, साडी नेसवायची असं काम वरचेवर असेल तर स्टँडिंग फीट घ्यायलाच हवेत. नाहीतर तळवे लवकर खराब होतील. बराचसा वेळ ती पलंगावर किंवा खुर्चीतच असणार असेल, तर साधे पाय पुरतात आणि ते दिसायलाही जास्त नैसर्गिक असतात.

*उभी करणार कोण?* ३० किलो वजन आडव्याचं उभं करताना दोन माणसं असलेली बरी. एकट्यालाच करायचं असेल तर कमी उंचीची, हलकी बाहुली निवडणं जास्त शहाणपणाचं.

*कायम उभीच ठेवायची आहे का?* तसं असेल तर नुसते बोल्ट पुरणार नाहीत. सतत भार राहिला तर घोट्याचे सांधे सैल होत जातात. त्यापेक्षा आधाराचा स्टँड घ्यावा किंवा मानेच्या बोल्टला हूक लावून टांगण्याची सोय करावी. मात्र तो हूक पूर्ण वजन पेलणारा आणि पक्क्या भिंतीत बसवलेला हवा.

घेतलेच तर एवढं पाळा

• उभी करताना पाठ भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवा. काम झालं की लगेच आडवी करा.

• लाकडी किंवा व्हिनाइल फरशीवर अनवाणी उभी करू नका. बोल्टचं डोकं १ सेंटीमीटर व्यासाचं धरलं, तर सहा बोल्टवर मिळून दर चौरस सेंटीमीटरला ६ किलोहून जास्त भार येतो. खड्डे पडणारच.

• सपाट, कडक तळाचे बूट घाला. उंच टाचांमध्ये घोट्याचा कोन बदलतो आणि तोल आणखी नाजूक होतो.

• बोल्ट अधूनमधून तपासा. एक जरी सैल झाला तरी बाहुली एका बाजूला झुकते.

• घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर तिला एकटीच उभी ठेवून खोलीबाहेर जाऊ नका.

त्यामुळे ती चौकट भरताना ‘ती उभी राहू शकेल का?’ हे विचारून भागत नाही. ‘ती उभी असताना तिच्याजवळ कोण असेल?’ हेही विचारावं लागतं. तिथे थांबणारं कोणी असेल आणि उभं राहण्याचं कामही असेल, तर हा पर्याय घेण्यासारखा आहे. नसेल, तर ते पैसे चांगल्या स्टँडवर किंवा भक्कम खुर्चीवर खर्च केलेले बरे.