आईचा मान, आईचा हिस्सा

वडील गेले की आपण आईला जेवूखाऊ घालतो, औषध देतो. पण तिच्या बांगड्या फोडणाऱ्या, कुंकू पुसणाऱ्या, हळदीकुंकवाला तिला मागं ठेवणाऱ्याही आपणच बायका होतो.

आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. पण लेकरांच्या घरी म्हातारपण काढणाऱ्या विधवा आईच्या वाट्याची प्रथा तशीच राहिली. महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत असताना, मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

मान सातबाऱ्यावरही असतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या वाट्यात आईला लेकराएवढाच हिस्सा आहे. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेण्याआधी तिला नीट वाचून दाखवूया. सांभाळण्याच्या अटीवर तिनं जमीन बक्षीसपत्रानं दिली आणि पुढं कुणी पाहिलंच नाही, तर २००७ च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

येत्या संक्रांतीला आपल्या आईला, सासूला हळदीकुंकवाला पुढं बसवूया. कुंकू लावायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.