स्वस्त डिस्क आणि महागडा सिनेमा

थोडं गणित चालवून घ्या. ३५ एमएमची फिल्म '२के'मध्ये स्कॅन केली की एक फ्रेम होते २०४८ बाय १५५६ पिक्सेलची. कोडॅकच्या सिनिऑन फॉरमॅटमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे एक फ्रेम झाली साधारण १२.७ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३०६ एमबी. दोन तासांचा सिनेमा? २.२ टीबी. आणि हा फक्त कापून-जोडून तयार झालेला सिनेमा. कात्रीत गेलेलं फुटेज, इफेक्ट्सच्या दहा-दहा आवृत्त्या, हे सगळं वेगळंच.

आज २.२ टीबी शर्टाच्या खिशात मावतात. पण २००० साली कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' आला तेव्हाचा विचार करा. कॅमेरामन रॉजर डीकिन्सला मिसिसिपीतली हिरवीगार झाडं वाळकी, पिवळट हवी होती. लॅबमधल्या रसायनांनी ते जमेना, म्हणून अख्खा सिनेमा स्कॅन करून त्याचे रंग कॉम्प्युटरवर बदलले. असं संपूर्ण डिजिटल काम झालेला हॉलिवुडचा पहिला मोठा सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात. त्या काळी आपल्याकडे पीसीत २० जीबीची डिस्क असली तरी मित्र बघायला यायचे! त्या हिशेबाने एका सिनेमाला शंभरावर डिस्क. शिवाय एकटी डिस्क सेकंदाला ३०६ एमबी देणार कुठून? दहाबारा डिस्क एकत्र पळवल्या तरच सिनेमा न अडखळता दिसणार.

'एकत्र पळवणे' ही कल्पना मात्र सिनेमावाल्यांची नव्हे. ती बर्कलेची. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८७-८८ मध्ये एक पेपर लिहिला. विषय असा की आयबीएमची ७५०० एमबीची एकच अवाढव्य डिस्क घेण्यापेक्षा पीसीतल्या १०० एमबीच्या छोट्या डिस्क का जोडू नयेत? स्वस्त पडतील, वेगही मिळेल. अडचण एकच. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर अशा १०० डिस्कांपैकी एखादी दर ३०० तासांनी जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! आणि एक गेली की सगळा डेटा गेला.

त्यावरचा उपाय मला अजूनही फार आवडतो. चौघे मित्र हॉटेलात गेले, प्रत्येकाने वेगवेगळे पैसे काढले आणि आपण एकूण बेरीज लिहून ठेवली. नंतर एकजण आपला आकडा विसरला. काय बिघडलं? बेरजेतून बाकी तिघांचे वजा करा. पॅरिटी म्हणजे हेच, फक्त बेरजेच्या जागी एक्सऑर. एक डिस्क मेली तर उरलेल्यांवरून तिचा डेटा पुन्हा तयार करता येतो. या रचनेला त्यांनी नाव दिलं 'रेड'. त्यातला 'आय' म्हणजे 'इनएक्स्पेन्सिव्ह'. पुढे विकणाऱ्या कंपन्यांनी त्याचं 'इंडिपेंडंट' केलं. महागडी पेटी विकायची आणि नावात 'स्वस्त' कसं ठेवायचं, नाही का :)

छोट्या स्टुडिओंच्या आवाक्यात यायला मात्र २००३ उजाडलं. ॲपलने 'एक्ससर्व्ह रेड' काढलं. आत आपल्या पीसीत असतात तशा साध्या एटीए डिस्क, बाहेर फायबर चॅनेल. १८० जीबीच्या १४ डिस्क, एकूण २.५२ टीबी, किंमत १०,९९९ डॉलर. यातल्या पॅरिटीसाठी दोन डिस्क वजा करा, उरले २१६० जीबी. वरचा आपला सिनेमा थोडक्यात हुकला!

आता खरी गोष्ट. रेड डिस्क मरण्यापासून वाचवतं, माणसापासून नाही. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चालू असताना कुणीतरी चुकीच्या जागी 'आरएम' कमांड चालवली. मंडळी स्क्रीनकडे बघतायत आणि फाइली एकेक करून गायब होतायत. जवळजवळ ९० टक्के सिनेमा गेला. बॅकअप? होता ना. पण रिस्टोअर करायला गेल्यावर कळलं की तो नीट होतच नव्हता आणि कुणी तपासलाही नव्हता. वाचवलं ते गेलिन सूसमन या टेक्निकल डायरेक्टरने. बाळंतपणामुळे ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या मशीनवर सिनेमाची एक प्रत होती. ते मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून अगदी नाजूकपणे ऑफिसात आणलं. सगळ्यात विश्वासार्ह स्टोरेज निघालं ते कुणीही विकत न घेतलेलं.

मग जुनी फिल्मच बरी का? तसंही नाही. ८ जानेवारी २००३ ला आपल्या पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळून खाक झाला. नायट्रेट पेटलं की विझत नाही. दुसरी प्रत नसलेलं जे जळलं ते कायमचं.

तरीही पैशाच्या बाबतीत फिल्मच जिंकत होती. ऑस्करवाल्या अकादमीने २००७ मध्ये 'द डिजिटल डिलेमा' नावाचा अहवाल काढला. एका सिनेमाची फिल्म मास्टर प्रत वर्षभर सांभाळायला १,०५९ डॉलर, ४के डिजिटल मास्टर सांभाळायला १२,५१४. जवळपास बारापट! कारण फिल्म थंड खोलीत ठेवून विसरता येते. डिजिटल प्रत सतत तपासावी लागते आणि दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर चढवावी लागते.

म्हणून स्टुडिओ चालू कामासाठी डिस्क वापरतात आणि काम संपलं की टेपवर जातात. एलटीओ टेप २००० मध्ये आली तेव्हा १०० जीबीची होती, २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टीबीची झाली. टेप कपाटात पडून असते, वीज खात नाही आणि 'आरएम'ला सापडत नाही. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचे. २०१७ मध्ये आठवी पिढी आली आणि ती फक्त मागची एकच वाचू लागली. ज्यांची कपाटं सहाव्या पिढीच्या टेपांनी भरलेली होती, त्यांना जुने ड्राइव्ह जपून ठेवायचे किंवा सगळं पुन्हा कॉपी करत बसायचं, एवढेच दोन मार्ग उरले.